चिपमधून घरच्या घरी सोने काढण्याच्या संदेशाला उत्तर

‘जुना कॉम्प्युटर भंगारात देऊ नका, त्यात सोने आहे’ अशा सुरुवातीचा एक संदेश आणि त्याला जोडलेला व्हिडिओ सध्या सगळीकडे फिरत आहे. त्यातले दावे थोडक्यात असे आहेत. दहा जुन्या कॉम्प्युटरमधून तोळाभर सोने निघते. सर्किट बोर्डावरचे सोल्डर, म्हणजे सुटे भाग जोडणारा मिश्रधातू, वितळवले की चांदी वेगळी मिळते. दोन ॲसिडे, एक प्लास्टिकची बादली आणि तोंडाला मास्क एवढ्यावर काम भागते, आणि ते उघड्यावर केले तर धोका नाही. उरलेल्या पाण्यात खायचा सोडा टाकला की ते खुशाल मोरीत ओतावे. हा संदेश माझ्या भाच्यापर्यंत पोहोचला, त्याने बोर्ड जमवायला सुरुवातही केली आणि नायट्रिक ॲसिड कुठे मिळेल असे मला विचारले, म्हणून याचे मुद्देसूद उत्तर देणे भाग पडले.

सर्किट बोर्डात सोने असते, एवढे मान्य करावेच लागेल. टनाच्या हिशेबाने पाहिले तर चांगल्या प्रतीच्या बोर्डांत खाणीतल्या बहुतेक खनिजापेक्षा कितीतरी जास्त सोने सापडते. टोकियो ऑलिम्पिकची पदके जुन्या उपकरणांतल्या धातूंपासून बनवली होती, हे संदेशातले वाक्यही खरे आहे. मात्र त्या ३२ किलो सोन्यासाठी सुमारे ७९ हजार टन उपकरणे आणि शिवाय ६२ लाखांच्या आसपास मोबाइल फोन गोळा करावे लागले होते, हे संदेश लिहिणाऱ्याने सोयीस्करपणे गाळले आहे.

बोर्डावर दिसणारा सोनेरी रंग हा मुलामा असतो. रॅमच्या पट्टीची जी कड खाचेत बसते, तिच्यावर चांगल्या प्रतीचा मुलामा असला तरी तो साधारण पाऊण मायक्रॉन जाडीचा असतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढ्या जाडीचे एक चौरस सेंटिमीटर सोने म्हणजे जेमतेम दीड मिलिग्रॅम, आणि बोर्डाच्या इतर भागांवरचा मुलामा तर याच्याही दहा-पंधरा पट पातळ असू शकतो. झुरिचच्या ईटीएच विद्यापीठातील संशोधकांनी दुधाच्या निवळीतील प्रथिनांपासून बनवलेल्या स्पंजच्या साहाय्याने २० मदरबोर्डांमधून ४५० मिलिग्रॅम वजनाचा, २२ कॅरटचा सोन्याचा गोळा मिळवला होता. त्यांच्या हाताशी सुसज्ज प्रयोगशाळा होती, आणि तरीही एका बोर्डामागे पडले साडेबावीस मिलिग्रॅम. या हिशेबाने दहा ग्रॅमसाठी साडेचारशेच्या घरात मदरबोर्ड लागतील, दहा नव्हेत. व्हिडिओत जे सोनेरी तळाचे सिरॅमिक प्रोसेसर दाखवले आहेत, ते १९९० च्या दशकातले आहेत. त्यांत सोने खरोखरच जास्त असे. पुढे बहुतेक चिपमधील सोन्याच्या तारांची जागा तांब्याने घेतली आणि बऱ्याच प्रोसेसरमधून त्या तारा पूर्णपणे गेल्या.

सोल्डरच्या चांदीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जुन्या कॉम्प्युटरमधले नेहमीचे सोल्डर म्हणजे कथील आणि शिसे. चांदी त्यात नसतेच. युरोपीय संघाचे शिशावरील निर्बंध २००६ मध्ये लागू झाल्यावर जे शिसेमुक्त सोल्डर रूढ झाले, त्याच्या एका प्रचलित प्रकारात तीन टक्के चांदी असते आणि बाकी जवळजवळ सगळे कथील. ते वितळवल्याने चांदी वेगळी होत नाही. पुन्हा तोच मिश्रधातू हाती येतो. तेच कथील नायट्रिक ॲसिडात पडले तर त्याचा पांढरा, चिकट साका बनतो, गाळणकागद तुंबतो आणि सोन्याचे कण त्यातच अडकून राहतात. व्हिडिओत हा भाग कुठेही दिसत नाही.

‘उघड्यावर केले तर धोका नाही’ या वाक्याचा मात्र मला मनापासून संताप येतो, कारण त्याने माणूस मरू शकतो. नायट्रिक ॲसिड तांब्यावर पडले की तपकिरी रंगाचा नायट्रोजन डायऑक्साइड बाहेर पडतो. हा वायू पाण्यात फारसा चटकन विरघळत नाही, त्यामुळे नाकाघशाला होणारी जळजळ सहन होण्याजोगी वाटते आणि वायू थेट फुप्फुसांत खोलवर पोहोचतो. थोडा खोकला येतो, मग बरे वाटते, माणूस जेवून झोपी जातो, आणि कित्येक तासांनी फुप्फुसांत पाणी भरू लागते. तोपर्यंत दुपारच्या त्या बादलीचा संबंध घरच्यांच्या लक्षातही येत नाही. कापडी किंवा धुळीसाठीचा मास्क कोणताही वायू अडवत नाही. सोने विरघळवण्यासाठी लागणाऱ्या अम्लराजातून, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडाच्या मिश्रणातून, तर क्लोरीनही निघतो. व्हिडिओखालच्या प्रतिक्रियांमध्ये काही जण ॲसिडाऐवजी सायनाइड सुचवतात. सायनाइडच्या द्रावणात ॲसिडाचा अंश मिसळला तरी हायड्रोजन सायनाइड हा जीवघेणा वायू तयार होतो, आणि या व्हिडिओच्या पद्धतीत ॲसिडाची बादली शेजारीच असणार.

सोडा टाकून पाणी निर्धोक होते, हा दावा तितकाच निराधार आहे. सोड्याने आम्लता कमी होते. शिसे, तांबे आणि निकेल कुठेही जात नाहीत. त्यांतले काही गाळात बसते, काही पाण्यात राहते, आणि दोन्ही मोरीतून पुढे जातात. बोर्ड शेगडीवर तापवले तर त्यांतील ब्रोमीनयुक्त अग्निरोधक जळून डायॉक्सिनच्या जातीची विषे तयार होऊ शकतात. शिशाची धूळ तर हातांवर, कपड्यांवर आणि फरशीवर बसते, म्हणजे रांगणाऱ्या मुलाच्या अगदी हाताशी. चीनमधील ग्वीयू या गावात वर्षानुवर्षे घरोघरी आणि लहान शेडमध्ये हेच काम चालत असे. तिथल्या सहा वर्षांखालील १६५ मुलांच्या रक्ताची तपासणी २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. शिशाचे सरासरी प्रमाण डेसिलिटरमागे १५.३ मायक्रोग्रॅम निघाले आणि दर पाचांपैकी चार मुले १० मायक्रोग्रॅमच्या वर होती. शेजारच्या गावातील मुलांची सरासरी ९.९४ होती. शिशाची कोणतीही पातळी मुलांसाठी सुरक्षित मानली जात नाही, आणि त्याने मेंदूच्या वाढीचे झालेले नुकसान भरून निघत नाही.

‘कारखाने हेच करतात, मग आपण का नाही’ असेही संदेशात विचारले आहे. मोठे कारखाने हे करत नाहीत. ते बोर्ड तांब्याच्या भट्टीत वितळवतात, वितळलेले तांबे मौल्यवान धातूंना आपल्यात ओढून घेते, आणि त्या तांब्याचे विद्युत शुद्धीकरण करताना तळाशी बसणाऱ्या गाळातून सोने, चांदी आणि पॅलेडियम वेगळे केले जाते. भट्टीचा धूर शुद्ध करणारी यंत्रणा हा तिथल्या उभारणीचा फार मोठा भाग असतो.

ज्यांना या भंगारातून खरोखर काही मिळवायचे आहे, त्यांनी स्क्रू ड्रायव्हर आणि पकडीच्या पुढे जाऊ नये. बॅटऱ्या आधी काढून वेगळ्या ठेवाव्यात, प्रोसेसर, रॅम आणि मदरबोर्ड यांचे वेगवेगळे ढीग करावेत आणि ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याला द्यावेत. सोनेरी कडा कापून घेतलेला किंवा जाळलेला बोर्ड खालच्या प्रतीत मोजला जातो, म्हणून बोर्ड अखंडच राहू द्यावेत.