खुलासा: नमुना भरून सही केली की मृत्युपत्र झालं?

"नमुना डाउनलोड करा, नावं भरा, सही ठोका, वकील कशाला?" असा निरोप फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. स्वतः लिहिलेलं मृत्युपत्र बेकायदा नसतं. घोडं अडतं ते साक्षीदारांपाशी. बऱ्याच देशांत दोन साक्षीदार लागतात, आणि ज्याला वाटा मिळणार त्यानेच किंवा त्याच्या जोडीदाराने साक्षीदार म्हणून सही केली, तर मृत्युपत्र टिकलं तरी त्याचा वाटा जाऊ शकतो. हाताशी घरचंच माणूस असतं, म्हणून सही त्याचीच घेतली जाते. मुकतंही तेच! 'उरलेली सर्व मालमत्ता अमक्याला' ही ओळ नसेल, तर नंतर घेतलेलं घर मृत्युपत्राबाहेर राहू शकतं. आणि मागाहून पेनाने केलेली खाडाखोड साक्षीदारांपुढे पुन्हा सही झाल्याशिवाय सहसा धरली जात नाही.