एशू म्हणजे सैतान नव्हे

गेल्या आठवड्यात एका मराठी लेखात योरुबा देवांची यादी वाचली. शांगो विजेचा, ओगुन लोखंडाचा, ओशुन नदीची... आणि शेवटी "एशू – सैतान". (नीट वाचा, एशू. येशू नव्हे.) तेव्हापासून डोक्यात तेच आहे, म्हणून लिहितोय.

योरुबा लोक मुख्यतः नायजेरियाच्या नैर्ऋत्य भागातले. त्यांच्या देवांना ओरिशा म्हणतात. सगळ्यांच्या वर ओलोदुमारे, पण त्याची देवळं नाहीत. माणसांचं रोजचं देणंघेणं ओरिशांशी. आणि माणसांनी दिलेला नैवेद्य वर पोचवतो कोण? एशू. म्हणून पूजा कुणाचीही असो, पहिला वाटा त्याचा. तो राहिला की बाकीचं सगळं वाटेतच अडलं.

त्याची जागा चव्हाट्यावर, बाजारात, उंबऱ्याशी. बरेचदा मूर्तीही नसते. जांभ्याचा ओबडधोबड दगड असतो आणि त्यावर पाम तेल ओततात. शेंदरी-लाल, दाट तेल, आपल्या दुकानातल्या पिवळट पामतेलासारखं नव्हे. वेशीवरचा शेंदूर थापलेला दगड ज्याने लहानपणापासून पाहिलाय, त्याने तरी या दगडाला सैतान म्हणू नये.

एशूची एक गोष्ट फार सांगतात. दोन जिवलग मित्र, शेताला शेत लागून. एशू मधल्या वाटेने चालत गेला. डोक्यावरची टोपी एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने काळी. तो गेल्यावर एक म्हणतो, लाल टोपीवाला कोण होता? दुसरा म्हणतो, लाल कुठली, काळी होती! वाद इतका चढला की हातघाईवर आले. लोक याला एशूचा खोडसाळपणा म्हणतात. खोडसाळ तो आहेच. पण दोघांपैकी एकालाही पलीकडे जाऊन बघावंसं वाटलं नाही, हे त्यानेच उघडं पाडलं ना?

मग सैतान झाला कसा? सॅम्युअल अजायी क्राउदर हे स्वतः योरुबा. 1821 साली, लहान वयात, गुलामांसाठीच्या धाडीत पकडले गेले. ब्रिटिश आरमाराने जहाज अडवून सोडवलं. 1864 मध्ये ते अँग्लिकन चर्चचे पहिले आफ्रिकी बिशप झाले. बायबल योरुबात आणताना त्यांनी 'डेव्हिल'साठी 'एशू' हा शब्द घेतला. योरुबा भाषेवर त्यांचे उपकार फार मोठे, हे मी मनापासून म्हणतो. पण या एका शब्दाने एका देवाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या शिवी करून टाकलं. मराठी बायबलात त्या जागी 'सैतान' आहे, बाहेरून आलेला शब्द. आपला कुठला देव तिथे बसवला गेला नाही.

निव्वळ वाईटाचा असा कुणी देव योरुबांकडे नाहीच. ओबाताला मातीची माणसं घडवतो. एकदा ताडी पिऊन त्याचा हात चुकला, अशी कथा आहे. म्हणून कुबड असलेली, दृष्टी नसलेली माणसं त्याची खास, त्यांना नावं ठेवायची नाहीत. आणि त्याचे भक्त ताडीला शिवत नाहीत. ही कथा मला सगळ्यांत जवळची वाटते. चूक देवाची, पथ्य भक्तांचं! शोपोना हा तर देवीच्या रोगाचा देव. त्याचं नाव मोठ्याने घेत नसत, इतका धाक. आपणही त्या रोगाला 'देवी'च म्हणालो. धाक होता, पण सैतान कुणी म्हटलं नाही.

इफा ही योरुबांची कौल लावण्याची रीत. तो कौल लावताना बाबालावो, म्हणजे त्यांचा दैवज्ञ, पामच्या 16 बिया तळहातात घोळवतो आणि एका मुठीत उचलायला जातो. मागे एक बी उरली तर लाकडी पाटावरच्या भुकटीत दोन रेघा, दोन उरल्या तर एक. असं 8 वेळा. 256 आकृत्यांपैकी एक उमटते आणि तिची पदं तो म्हणू लागतो. त्या पाटाच्या काठावर एक चेहरा कोरलेला असतो, बाबालावोच्या बरोबर समोर येईल असा. तो एशूचा.

लेख लिहिणाऱ्यांना मी कळवलंय. तुमच्यापैकी कुणी या विषयावर मराठीत लिहिणार असाल तर कृपया नुसतं 'एशू' लिहा. फोड करायचीच असेल तर 'निरोप्या' म्हणा, 'वाटेवरचा देव' म्हणा.