मेन लाईनचं काय होणार, हे गावाला आधी कळायला हवं

मेन लाईनचा, म्हणजे आमच्या मुख्य बाजारपेठेचा रस्ता रुंद होणार, हे आमच्या तालुक्याच्या गावातल्या दुकानदारांना भिंतीवरच्या लाल खुणांवरून कळलं. माणसं टेप घेऊन आली, मोजमाप केलं, रंग मारला आणि गेली. भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या एका काकाजींकडे ती खूण थेट गल्ल्याच्या मागे पडली आहे. म्हणजे अर्धं दुकान जाणार. ‘भाऊ, हे कवा ठरलं? आमाले तं कोनी सांगतलंच नाही,’ असं ते मला म्हणाले, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण पूर्ण वाचा.

चौकशी केल्यावर उत्तर मिळालं. हे केव्हाच ठरलं होतं आणि रीतसर जाहीरही झालं होतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ प्रमाणे प्रारूप विकास योजना, म्हणजे गावातले रस्ते आणि जागा कशा असतील याचा कच्चा आराखडा, राजपत्रात प्रसिद्ध करावी लागते. त्यावर हरकती आणि सूचना द्यायला नागरिकांना ३० दिवस मिळतात आणि नियोजन समितीपुढे त्यांची सुनावणी होते. आमच्या गावाची नोटीसही छापून आली होती. बारीक टाइपात, बँकेच्या वसुलीच्या आणि वारसदारांच्या नोटिसांच्या गर्दीत. नकाशा कार्यालयात लावलेला होता. ज्यांची दुकानं त्या नकाशातल्या रेषेखाली येत होती, त्यांच्यातल्या बहुतेकांनी हरकत घेतली नाही, कारण असा काही नकाशा आहे हेच त्यांच्या कानावर आलं नव्हतं.

नोटीस निघाली, मुदत संपली, कायदा पाळला गेला. फक्त गावाला पत्ता लागला नाही. नोटीस आणि माणूस यांच्या मधे पूर्वी बातमी असायची, ती आता उरलेली नाही. ‘मेन लाईनवरच्या अमुक बाजूची दुकानं रस्त्यात जाणार, हरकत अमुक तारखेपर्यंत द्या’ एवढ्या दोन ओळी तालुक्याच्या पानावर आल्या असत्या, तर दुपारपर्यंत प्रत्येक पानठेल्यावर तोच विषय असता.

रस्ता रुंद करायला माझा विरोध नाही. बाजाराच्या दिवशी त्या रस्त्यात अॅम्ब्युलन्स अडकलेली मी पाहिली आहे. आणि बदल आमच्या गावाला नवाही नाही. आमचं गाव शकुंतलेच्या रुळावरचं. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला आणि एक अचलपूरला नेणारी ती नॅरोगेज गाडी किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी घातली. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. गावाचा बाजार त्या स्टेशनाकडे तोंड करून वाढला: आधी जिनिंग (कापसातून सरकी काढायचे कारखाने), मग आडतीची दुकानं, मग सराफ, कापड, किराणा. १९७२ ला कापूस एकाधिकार खरेदी योजना (सगळा कापूस सरकारनेच विकत घ्यायचा) आली तेव्हा बंड्यांच्या, म्हणजे बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या, असं थोरले सांगतात. कास्तकाराच्या हाती चुकारा (विकलेल्या मालाचे पैसे) आला की तो आधी कापडाच्या दुकानात यायचा, पोरीच्या लग्नाचा बस्ता बांधायचा आणि मगच घरची वाट धरायचा. मेन लाईन उभी राहिली ती त्या चुकाऱ्यावर.

आता गाडी बंद आहे. नवे जिनिंग बायपासला गेले. गावातल्या जुन्या जिनिंगच्या जागेवर घरांच्या प्लॉटचे लेआउट पडले, पुढच्या बाजूला कॉम्प्लेक्स झाले. चुकारा बँकेच्या खात्यात जमा होतो आणि पोरं मोबाईलवरून कपडे मागवतात. दिवाळीनंतर आमच्या लाईनवर आणखी दोन शटरं कायमची खाली आली. त्यातलं एक दुकान तिसऱ्या पिढीचं होतं. त्याच्या बंद होण्याची एक ओळ कुठे छापून आली नाही. त्या आठवड्यातलं तालुक्याचं पान मी काढून पाहिलं: अर्ध्या पानावर एका नेत्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, उरलेल्यात दोन उद्घाटनं आणि एक सत्कार.

मला हे फार लागतं, कारण वर्तमानपत्र ही विदर्भाला बाहेरून मिळालेली गोष्ट नाही. १९१८ साली बापूजी अण्यांनी यवतमाळसारख्या गावातून ‘लोकमत’ साप्ताहिक सुरू केलं, त्याला नाव दिलं लोकमान्य टिळकांनी. ब्रिजलाल बियाणींची ‘मातृभूमी’ अकोल्याची. म्हणजे पुण्या-मुंबईची वाट न पाहता आपल्या मुलखाचं आपण छापायचं, ही रीत इथलीच.

तालुक्याच्या वार्ताहरांवर माझा राग नाही. त्यांच्यातले काही माझे मित्र आहेत आणि त्यांचं जगणं मी जवळून पाहतो. पगार नाही, मानधन असलं तर पेट्रोलपुरतं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर. दिवाळी अंकाचं टार्गेट, वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट. ज्याच्याकडून जाहिरात घ्यायची, त्याच्याच लेआउटबद्दल प्रश्न विचारायचा, हे आपण त्यांच्याकडून कुठल्या तोंडाने मागतो? २०२० च्या टाळेबंदीत पानं कमी झाली आणि त्यानंतर होती तेवढीही जागा गेली. मग बातम्या व्हॉट्सअॅपवर आल्या. तिथे अपघाताचा व्हिडिओ पाच मिनिटांत पोहोचतो, पण विकास योजनेचा नकाशा कोणी टाकत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपण फारसं लक्ष दिलं नाही. २०१६ च्या अखेरीस निवडून आलेल्या बहुतेक नगर परिषदांची मुदत २०२१-२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाली. मधली सगळी वर्षं प्रशासक. नगरसेवक कसाही असो, त्याला चौकात अडवता येतं, घरी जाऊन दोन शब्द सुनावता येतात. प्रशासकाच्या काळात ठराव झाले, कामं निघाली, पण सभेत उठून ‘थांबा’ म्हणणारं कोणी नव्हतं आणि सभेबद्दल लिहिणारंही नव्हतं.

सगळ्यात वाईट वाटतं ते भाजीवाल्या मावश्यांचं. रुंदीकरणाआधी अतिक्रमण काढायचं म्हणून त्यांना एका सकाळी उठवलं. सांबार (कोथिंबीर), वांगी, पालक तसंच टोपल्यांत भरून त्या बसस्टँडच्या मागे गेल्या. तिकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. ‘उठ म्हनलं तं उठलो, बाप्पा. आपलं कोन आयकते?’ हे एका मावशीचे शब्द. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की २०१४ पासून देशात पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्र मिळेपर्यंत विक्रेत्याला उठवता येत नाही, आणि जागा बदलायची तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे हवेत आणि त्यांच्यात एक तृतीयांश महिला हव्यात. आमच्या गावात अशी समिती आहे का, असली तर तिच्यात कोण आहे, हे मी बाजारात विचारत फिरलो. कोणालाही सांगता आलं नाही. एका बातमीने हे कळलं असतं, आणि त्या सकाळी मावश्यांच्या हातात किमान या कायद्याचा कागद असता.

आता नवी परिषद बसली आहे. सर्वसाधारण सभेत नागरिकांना प्रेक्षक म्हणून बसता येतं, हे पुष्कळांना ठाऊक नाही. पुढच्या सभेला मी जाऊन बसणार आहे आणि कोणत्या विषयावर कोण काय बोललं, काय ठरलं, ते त्याच संध्याकाळी साध्या मराठीत इथे लिहिणार आहे. मी पत्रकार नाही, म्हणून आणखी दोघं-तिघं सोबत हवेत, म्हणजे एकाचं चुकलं तर दुसरा सांगेल. मेन लाईनच्या व्यापारी मंडळींना माझी विनंती आहे: वर्गणी काढा आणि गावातल्या एखाद्या पोराला किंवा पोरीला महिन्याचं मानधन देऊन जाहीर नोटिसा वाचायच्या कामावर ठेवा. गणपतीला आपण जेवढी वर्गणी देतो, त्याच्या निम्म्यात हे होईल. अट एकच, वर्गणी देणाऱ्याची बातमीही थांबायची नाही.

ज्यांच्या दुकानावर खूण आहे त्यांनी जागेची कागदपत्रं काढून ठेवा. भाजीवाल्यांपैकी कोणाकडे सर्वेक्षणाची पावती असेल तर मला दाखवा, माझं घर सगळ्यांना माहीत आहे. आणि गावातल्या वकील मंडळींपैकी कोणी रविवारी तासभर द्यायला तयार असेल, तर कायद्याची कलमं समजावून घ्यायला आम्ही राम मंदिराच्या ओट्यावर सकाळी दहाला बसतो आहोत.