कारकुनांना कसलं सुख मिळत होतं?

समाजातल्या दुष्टपणाचं मूळ सुखाच्या हव्यासात आहे, हे लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. सुखालाच परमश्रेय मानणारा प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस पाव-पाण्यावर समाधानी असे. चैन म्हणून मित्राकडे मागितलं ते चीजचं एक लहानसं भांडं. असल्या सुखानं कुणाचं काय वाकडं झालं? उलट नाझी अधिकारी आइकमन बघा. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवण्याची व्यवस्था लावणारा हा माणूस १९६१च्या जेरुसलेममधल्या खटल्यात 'मी हुकूम पाळले' हेच सांगत राहिला. त्याच्या मनात ज्यूद्वेष होताच, मान्य. पण ज्यूंना तिकडे नेणाऱ्या आगगाड्यांची वेळापत्रकं निमूटपणे आखणाऱ्या कारकुनांचं काय? त्यांना त्यात कसलं सुख मिळत होतं?

आमच्या कचेरीत वरिष्ठांची मर्जी गेलेल्या एका सहकाऱ्याला सगळे टाळू लागले होते. तो जेवायला येऊन बसला की बोलणं थांबायचं, लोक भराभर आवरून उठायचे. मजा कुणालाच येत नव्हती (चेहऱ्यांवर ते स्पष्ट दिसायचं), जो तो आपली खुर्ची सांभाळत होता. या भीतीबद्दल एवढ्या मोठ्या लेखात एक ओळही नसावी?