रेघच तर काढायचीय म्हणे!

"ग्राफ एडिटर ना? दोन दिवसांत होईल, रेघच तर काढायचीय!" अंधेरीच्या ऑफिसात आज हे पुन्हा ऐकलं आणि डोकंच फिरलं. रेघ? अहो, अ‍ॅनिमेशनमधली हालचाल वक्र काढून ठरवायची ती खिडकी, तिच्या आडव्या अक्षावर वेळ आहे, वेळ! वक्राला बाक देणारं हँडल शेजारच्या कीफ्रेमच्या (जिथे किंमत पक्की ठरवलेली असते त्या फ्रेमच्या) फार पलीकडे ओढलं की वक्र मागे वळतो आणि एकाच फ्रेमला तीन-तीन किमती मिळतात. मग त्या फ्रेमला पात्राचा हात दाखवायचा कुठे? हँडलनी वाकवलेल्या या बेझिए वक्राला फ्रेम नंबर दिला म्हणून किंमत मिळत नाही. आधी त्रिघाती समीकरण सोडवा, सेकंदाला २४ वेळा, प्रत्येक चॅनेलसाठी, म्हणजे हलणाऱ्या प्रत्येक किमतीसाठी! हे कोण लिहिणार?

आणि ते 'ऑटो' टँजंट, म्हणजे हँडलचा कल सॉफ्टवेअरनेच ठरवायचा! पाय जमिनीवर टेकलेला, दोन्ही कीफ्रेमची किंमत सारखी, तरी मधेच वक्र झोल खातो आणि पाय फरशीत घुसतो. कोन ३५९ वरून १ अंशावर न्यायचा, तर अख्खी मान उलटी गरगर फिरते. आमची अ‍ॅनिमेटर रात्र रात्र बसून एकेक हँडल सरळ करते आणि शेवटची बोरिवली पकडायला धावत सुटते. तिचे ते तास कुठल्या दोन दिवसांत धरलेत? अंडू (undo) केलं की हँडल एकीकडे, वक्र दुसरीकडे, आणि यांना डेमो सोमवारी हवाय! नाही देणार मी.