जुन्या गाडीवरची एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यावी का?

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यातील एका विक्रेत्याकडून पाच वर्षे वापरलेली, एएमटी (क्लच पेडलविना आपोआप बदलणाऱ्या) गिअरची पेट्रोल हॅचबॅक ४ लाख ३५ हजारांना घेतली. आरसी नावावर करण्यासाठीच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या चालू असतानाच एका वर्षाच्या एक्स्टेंडेड वॉरंटीचा, म्हणजे बिघाड झाल्यास दुरुस्तीचा खर्च उचलण्याच्या विकतच्या कराराचा, विषय निघाला, आणि ‘इंजिन, गिअरबॉक्स सगळं कव्हर आहे’ एवढ्या तोंडी आश्वासनावर मी १६,८०० रुपये भरले.

आठव्या महिन्यात कात्रजच्या घाटात, ऐन चढावर, गाडी न्यूट्रलमध्ये गेली आणि पुन्हा गिअर पडेना. टो करून वर्कशॉपमध्ये नेल्यावर, स्कॅनर लावून आणि गिअरबॉक्स उतरवून पाहिले, तेव्हा क्लचचा ॲक्च्युएटर (क्लच दाबणारा-सोडणारा भाग) निकामी झाल्याचे आणि क्लचप्लेट झिजल्याचे निष्पन्न झाले. बिल ३८,४०० रुपये झाले. क्लेम नाकारताना मला कळवण्यात आले की क्लचप्लेट हा झिजणारा भाग असल्याने करारात येत नाही, आणि झिजलेल्या क्लचमुळेच ॲक्च्युएटरवर ताण आला असल्याने ते नुकसानही त्या झिजेचाच परिणाम ठरते. शिवाय मधली एक सर्व्हिसिंग मी नेहमीच्या मेकॅनिककडून करून घेतल्यामुळे कराराची अट आधीच मोडलेली होती. हे सारे अटींच्या पुस्तिकेत छापलेले होते. ती पुस्तिका मात्र पैसे भरल्यानंतर तीन दिवसांनी मेलवर आली होती.

पैसे गेल्याचे दुःख ओसरले, पण त्यानंतर ओळखीच्या चार-पाच जणांच्या पुस्तिका मागवून वाचल्या तेव्हा लक्षात आले की माझा अनुभव अपवाद नव्हता. ब्रेक पॅड, टायर, बॅटरी, सस्पेन्शनचे बुश, रबरी होज आणि बेल्ट हे सारे बहुतेक करारांतून वगळलेले असते, आणि सात-आठ वर्षांच्या गाडीत पहिल्यांदा खर्च निघतो तो नेमका याच भागांवर. करार सुरू होण्यापूर्वीचा दोष, पाणी शिरून झालेले नुकसान आणि इंजिन तापल्याचा काटा दिसत असताना गाडी चालवल्याने झालेले नुकसान हेही बाहेर राहते. त्यातच सुरुवातीचे काही दिवस क्लेम करता येत नाही आणि एकूण रकमेवर मर्यादा असते. या सर्व अटी गैर आहेत असे माझे म्हणणे नाही; झिजणाऱ्या भागांची हमी कोणीच देऊ शकत नाही. परंतु ‘सगळं कव्हर आहे’ हे वाक्य आणि हा कागद यांच्यातील अंतर ग्राहकाला सही करण्यापूर्वी दिसलेच पाहिजे.

अनेक जण वॉरंटीला विम्याचाच एक प्रकार समजतात, आणि मीही तसेच समजत होतो. मोटार विमा अपघात, चोरी, आग, पूर यांसाठी असतो; यांत्रिक बिघाड त्यात येत नाही, आणि वॉरंटी ही पोकळी भरण्यासाठीच विकली जाते. मात्र नुसता सेवाकरार म्हणून विकलेल्या वॉरंटीची तक्रार विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे नेता येत नाही. त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन १९१५ किंवा जिल्हा ग्राहक आयोग हेच मार्ग उरतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगात शुल्क लागत नाही, ही दिलासा देणारी बाब आहे. पण तेथेही तोंडी आश्वासन नव्हे, तर सही केलेला कागदच पुढे येतो.

मग कधीच घेऊ नये का? गाडी बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची वॉरंटी शिल्लक असेल आणि ती नव्या मालकाच्या नावावर होत असेल, तर तिच्यासाठी थोडे अधिक पैसे देणे मला योग्य वाटते, कारण दुरुस्ती आणि निर्णय दोन्ही अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये होतात. त्यासाठी आधीच्या मालकाची सर्व्हिस हिस्टरी अखंड हवी आणि हस्तांतराचा अर्ज वेळेत द्यायला हवा. ड्युअल क्लच गिअरबॉक्स किंवा बीएस-६ या प्रदूषण मानकाची टर्बो डिझेल गाडी असेल तर एकाच बिघाडाचा खर्च मोठा असू शकतो, तेथेही विचार जरूर करावा. साध्या पेट्रोल, मॅन्युअल गिअरच्या गाडीसाठी मात्र तीच रक्कम बँकेत वेगळी ठेवावी असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातील हजार-दीड हजार रुपये, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला देऊन गाडी थंड असताना सुरू करून पाहावी, लिफ्टवर घेऊन खालून तपासावी आणि स्कॅनर लावून जुने एरर कोड बघावेत. माझ्या गाडीची अशी तपासणी झाली असती तर झिजलेल्या क्लचची शंका खरेदीपूर्वीच आली असती.

गेल्या आठवड्यात माझा भाचा कोल्हापुरात सहा वर्षांची पेट्रोल गाडी बघत होता आणि त्यालाही वॉरंटीचा आग्रह झाला. त्याने आधी अटींची पूर्ण पुस्तिका मागितली, तेव्हा ती पैसे भरल्यानंतरच मिळते असे उत्तर आले. त्याने गाडी घेतली, वॉरंटी घेतली नाही, आणि दुसऱ्याच दिवशी चारही ब्रेक पॅड व कूलंट बदलून घेतले.