कूलर, लोडशेडिंग आणि रादिगबाई

मे महिन्यात जळगावात ड्रोन संगीत, म्हणजे एकच सूर तंबोऱ्यासारखा लांबवर धरून ठेवणारं संगीत, ऐकायचं तर आधी कूलरशी तह करावा लागतो. या संगीताच्या रचनाकार एलियान रादिग (जन्म १९३२, पॅरिस) एआरपी २५०० या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेतून सूर काढणाऱ्या वाद्यावर, काम करायच्या, तेही की-बोर्डशिवाय, नुसती बटणं फिरवून. त्यांची 'त्रिलोजी द ला मॉर' ही तीन भागांची रचना जवळजवळ तीन तासांची. 'क्येमा' हा पहिला भाग लावला की दहा मिनिटं काहीच घडत नाही, आणि अकराव्या मिनिटाला कळतं की मघापासून घडतच होतं. घरातल्यांना तेवढा दम नसतो. आजी विचारणारच, "बेटा, हाई काय घोंगावी ऱ्हायनं? पंपनी बेरिंग गयी का?"

आजीचं चुकत नाही. वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची, पण मोटरचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा ओढला जातो, म्हणून गुणगुण १०० हर्ट्झची. त्यावर पंखा: तीन पाती, मिनिटाला १४०० फेरे, म्हणजे ७० हर्ट्झच्या आसपास. दुपारी व्होल्टेज पडलं की पंखा छान मींड घेत उतरतो, मोटर मात्र षड्ज धरून बसते. रेकॉर्डिंगमध्ये १०१ हर्ट्झचा सूर लागला तर कूलरशी मिळून सेकंदाला एक हेलकावा येतो, म्हणजे आवाज चढतो-उतरतो. त्याचं श्रेय बाईंना द्यायचं की कूलरला, हे भल्याभल्यांना ठरवता येत नाही.

उपाय आहेत. कूलरच्या पायांखाली जुन्या ट्यूबचे तुकडे घाला. खिडकीच्या ग्रीलला तो टेकू देऊ नका, नाहीतर ग्रीलही गायला बसते. टाकीत पाणी कमी झालं की पंप हवा ओढून गुडगुडतो, तेव्हा आधी टाकी भरा. मोबाइलच्या स्पीकरवर तर लावूच नका. खालचे सूर त्यातून निघतच नाहीत, उरते ती डासाची भुणभुण. कान झाकणारा हेडफोन हवा. चव्वेचाळीस अंशांत त्या गाद्यांखाली कानांचं भरीत होतं, त्याला इलाज नाही.

खरी संधी लोडशेडिंगची. अख्ख्या गल्लीचे कूलर एकदम गप्प होतात. लॅपटॉप चार्ज असला तर एक भाग निवांत निघतो. फक्त इन्व्हर्टरवरचा पंखा बंद ठेवा. स्वस्तातला इन्व्हर्टर चौकोनी लाट सोडतो. तिच्यात १५०, २५०, ३५० हर्ट्झची भेसळ असते, आणि पंखा करवतीसारखा करकरतो.

करकर आवडलीच, तर टोकियोचे मासामी आकिता, म्हणजे मर्झबो, आहेत. त्यांचं संगीत म्हणजे निव्वळ गोंगाट. २००० साली त्यांचा ५० सीडींचा 'मर्झबॉक्स' निघाला. मात्र १२८ केबीपीएसची, म्हणजे फार दाबून लहान केलेली, एमपी३ घेऊ नका. शुद्ध गोंगाटात टाकून देण्याजोगं फारसं काही नसतं, तरी एमपी३ ते टाकते, आणि सगळं नळाखाली धरल्यासारखं बुळबुळीत वाजतं. आवाजातलं काहीच न टाकणारी फ्लॅक फाइल घ्या. जागा जवळजवळ सीडीइतकीच खाईल, ती खाऊ द्या. यासाठी लोडशेडिंगची वाट बघायलाही नको. कूलर फुल स्पीडवर ठेवा, मिक्सरवर शेंगदाण्याचा कूट चालू द्या. मर्झबोचं काही बिघडत नाही. फक्त आजीला आधी सांगून ठेवा, नाहीतर ती मेन स्विच पाडते.